सनस्क्रीनमधील रासायनिक घटक : तान्ही व लहान मुले

ऑक्सिबेन्झोन, ॲव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलिन, होमोसॅलेट यांसारखी कार्बनी संयुगे सूर्याचे अतिनील किरण शोषून त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतात. अशा संयुगांच्या मलमाला बाजारात ‘केमिकल सनस्क्रीन’ म्हणतात. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड या खनिज भुकट्यांचे ते ‘मिनरल’. मुलांच्या संदर्भातला वाद पहिल्या गटाचा आहे, आणि त्यातही सगळ्यात जास्त ऑक्सिबेन्झोनचा.

हे घटक रक्तात नेमके किती उतरतात, याची काटेकोर मोजणी फार उशिरा झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये २४ निरोगी प्रौढांच्या ७५ टक्के अंगावर दिवसातून चारदा, असे चार दिवस सनस्क्रीन लावून रक्त तपासले. रक्तातले प्रमाण मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅमच्या वर गेले, तर त्या घटकाच्या विषारीपणाच्या अधिक चाचण्या व्हाव्यात, अशी या संस्थेची अपेक्षा असते. ऑक्सिबेन्झोन सुमारे २०० नॅनोग्रॅमपर्यंत पोचले. २०२० मध्ये ४८ जणांवर सहा घटकांची चाचणी झाली, तेव्हा सहाही घटकांनी पहिल्याच लेपानंतर ही मर्यादा ओलांडली. रक्तात सापडणे म्हणजे अपाय होणे नव्हे, हे प्रशासनाने त्याच वेळी स्पष्ट केले आणि सनस्क्रीन वापरणे थांबवू नका, असेही सांगितले. मात्र फेब्रुवारी २०१९ च्या प्रस्तावात त्याने फक्त झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड यांनाच सुरक्षित व परिणामकारक मानले. ऑक्सिबेन्झोनसह १२ घटकांसाठी उत्पादकांकडे आणखी माहिती मागितली.

संप्रेरकांबद्दलची भीती मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून आली. मोठ्या मात्रेत ऑक्सिबेन्झोन खाऊ घातलेल्या उंदरांच्या माद्यांत इस्ट्रोजेनसारखा परिणाम दिसला होता. डेन्मार्कमध्ये २००४ साली ३२ प्रौढांवर केलेल्या प्रयोगात संप्रेरकांतले फरक किरकोळ होते आणि त्यांचा संबंध मलमाशी जोडता आला नाही. म्हणजे पुरावा आहे तो प्राण्यांचा आणि प्रौढांचा. बाळांच्या रक्तात काय होते, याची अशी मोजणी झालेली नसताना मुलांसाठीच्या बाटल्या मात्र दुकानात भरपूर आहेत. ही उणीव क्षम्य मानता येणार नाही.

कारण बाळाचे शरीर हे प्रौढाचे छोटे रूप नसते. साडेतीन किलोच्या नवजात बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असते, ७० किलोच्या माणसाचे १.८, वजनाच्या हिशेबात बाळाच्या अंगावर दुपटीहून अधिक लेप बसतो. त्याची त्वचा पातळ असते, आणि ऑक्सिबेन्झोनचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा पहिल्या महिन्यांत पुरेशी तयार झालेली नसते. शिवाय मूठ सारखी तोंडात जाते, तिच्यावरचे मलमही जाते.

म्हणून सहा महिन्यांपर्यंत बाळाला थेट उन्हात नेऊ नये, सावली, अंगभर सुती कपडे आणि रुंद काठाची टोपी यांवर भर द्यावा, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. सावली मिळणे अगदीच अशक्य असेल, तर चेहरा व हाताच्या पाठीवर थोडेसे मलम चालते. सहा महिन्यांनंतर ते उघड्या अंगाला लावावे, शक्यतो ऑक्सिबेन्झोन टाळून. झिंकचा पांढरा थर सावळ्या त्वचेवर उठून दिसतो, म्हणून पालक तो नाकारतात. पण पोहायला किंवा मैदानावर निघालेल्या मुलाच्या बाबतीत दिसण्याचा विचार मागे ठेवलेला बरा. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. तेथील अनेक शाळांत टोपी नसलेल्या मुलाला उघड्या मैदानावर खेळू देत नाहीत, आणि मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांनाही दप्तरात टोपी घालावीच लागते.

युरोपीय संघाने २०२२ च्या नियमाने अंगाला लावायच्या सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोनची मर्यादा ६ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांवर आणली. चेहरा, हात व ओठांच्या उत्पादनांत ती ६ टक्केच राहिली. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवरची हवाई राज्यातील २०२१ पासूनची विक्रीबंदी प्रवाळांच्या रक्षणासाठी आहे. माणसाला धोका असल्याचा पुरावा म्हणून तिचा दाखला दिला जातो, ते चूक आहे. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडते, अमेरिकेत औषधांत. त्यामुळे येथे बाटलीमागची घटकांची यादी वाचणे हे पालकांचेच काम उरते. यादीत ‘बेन्झोफिनोन-३’ लिहिलेले असेल, तर ते ऑक्सिबेन्झोनच.

या गटातल्या काही घटकांनी, विशेषतः बेन्झोफिनोन वर्गाने, काहींच्या त्वचेवर ऊन लागताच खाजरे पुरळ उठते. फवारा मुलाच्या तोंडाजवळ मारू नये, तो श्वासातून आत जातो. डास पळवणारे डीट आणि सनस्क्रीन एकत्र असलेले मलमही मुलांसाठी घेऊ नये : सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावायचे असते, डीट इतक्या वेळा लावायचे नसते.