पपनस मीठ-साखरेबरोबरच का खातात? मालवण किनाऱ्यावरील एका फळाचा इतिहास

१/
भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या दिवशी सिंधुदुर्गातील घरोघरी गणपतीच्या आसनावर एक चौकोनी लाकडी चौकट टांगली जाते. तिला माटवी म्हणतात. तेरेखोल खाडी ओलांडून गोव्यात गेले की तिचेच नाव माटोळी होते. आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, काकडी, चिबूड, कवंडळे, तेरडा, हरण असे पावसाने परसात आणि रानात जे जे उगवले ते सारे तिला बांधले जाते. या मांडणीत एक हिरवट-पिवळे, मुलाच्या डोक्याएवढे फळ हमखास लक्ष वेधून घेते. ते फळ म्हणजे पपनस.

२/
विसर्जन झाले की माटवी उतरते आणि फळांची वाटणी होते. पपनस फोडणे हे एका माणसाचे काम नसते. कोणी जाड साल चिरतो, कोणी आतला कापसासारखा पांढरा भाग सोलतो, कोणी फोडींवरचे पातळ पापुद्रे काढून मोकळा गर ताटात जमा करतो. मग त्यावर मीठ आणि साखर पडते, काही घरांत लाल तिखटाची चिमूटही. मीठ आणि साखर एकाच फळावर का, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मालवण किनाऱ्याच्या चारशे वर्षांच्या इतिहासाशी गाठ पडते.

३/
प्रथम फळाचा स्वभाव. पपनसाचे शास्त्रीय नाव सिट्रस मॅक्सिमा, म्हणजे लिंबाच्या कुळातील सर्वांत मोठे. आंबा उतरवून अढीत घातला की पिकतो. लिंबाच्या कुळातील फळे तशी पिकत नाहीत. झाडावरून उतरले त्या दिवशी फळात जितकी साखर असते, तितक्यावरच भागवावे लागते. पपनसाचा हंगाम साधारण भाद्रपदात सुरू होतो. त्यामुळे माटवीसाठी उतरवलेले फळ पुष्कळदा पूर्ण तयार झालेले नसते, आणि दहा दिवस टांगून ठेवले तरी त्याला नवी गोडी येत नाही.

४/
यात पंचांगाचाही हात आहे. २०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला आली, तर २०२३ साली अधिक मासामुळे १९ सप्टेंबरला. म्हणजे एकाच झाडाच्या फळाला एका वर्षी सुमारे चार आठवडे अधिक मिळाले. चतुर्थी लवकर आली की फळ आंबट आणि उशिरा आली की अधिक भरलेले. ताटात साखर किती लागणार, हे काही अंशी चांद्र आणि सौर कालगणनेच्या मेळावर ठरते.

५/
साखर आंबटपणासाठी, हे उघड आहे. मग मीठ कशासाठी? पपनसाच्या पापुद्र्यांत नरिंजिन नावाचा कडू घटक असतो आणि सोलताना त्याचा अंश गराला लागतोच. मीठ हा कडूपणा दाबते. कडूपणा दबला की फळातील मूळची गोडी पुढे येते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने मिठाचा हा गुण दाखवून दिला. परसातल्या ओटीवर तो पिढ्यान्‌पिढ्या हाताला ठाऊक होता.

६/
हे मीठही येथल्या इतिहासाशी जोडलेले आहे. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे मिठागरांचे गाव. मे १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडण्यासाठी सत्याग्रही येथे जमले आणि महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्यात शिरोड्याचे नाव कायमचे नोंदले गेले. पपनसावर पडणाऱ्या चिमूटभर मिठावरही एके काळी सरकारी कर होता, हे या किनाऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

७/
आता फळाकडे वळू. पपनस मूळचे आग्नेय आशियातले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या कुळाची वंशावळ बरीच स्पष्ट केली. महाळुंग, पपनस आणि मँडरिन गटातील संत्रे हे तीन प्रमुख पूर्वज. गोड संत्रे, म्हणजे ज्याच्या गटात मोसंबीही येते, ते पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून निपजले. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्रे यांचे अपत्य. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर १७५० साली त्याची नोंद झाली. फळवाल्याच्या गाडीवरील मोसंबी ही पपनसाची वंशज आहे.

८/
पपनस हे नाव कोठून आले? डच भाषेत या फळाला पॉम्पेलमूस म्हणतात, फ्रेंचमध्ये पाम्पलमूस, तमिळमध्ये पंबळिमास. या शब्दांचे नाते उघड आहे. कोणी कोणाकडून घेतले यावर मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते डचांनी तो तमिळमधून उचलला, तर काही त्याचे मूळ भोपळा या अर्थाच्या डच शब्दात शोधतात. डच व्यापारी १६१० पासून तमिळ किनाऱ्यावर पुलिकत येथे होते, त्यामुळे देवाणघेवाण दोन्ही दिशांनी शक्य होती. एकोणिसाव्या शतकात मोलस्वर्थच्या कोशात शिरेपर्यंत पपनस हा शब्द मराठीत पुरता मुरला होता.

९/
बंगालीत याच फळाला बाताबी लेबू म्हणतात, म्हणजे बटाव्हियाचे लिंबू. बटाव्हिया म्हणजे आजचे जकार्ता, १६१९ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीची आशियातील राजधानी. बंगाली माणसाने फळाच्या नावात बंदराचा पत्ताच जपून ठेवला आहे.

१०/
मालवणपासून दक्षिणेला काही तासांच्या वाटेवर असलेले वेंगुर्ले याच जाळ्यातील एक गाठ होते. १६३७ साली योहान व्हान ट्विस्ट याच्या नेतृत्वाखाली डच वकिलात विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेली आणि डचांना वेंगुर्ल्यास वखार उघडता आली. त्या काळी डचांचे आरमार पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करीत असे. महिनोन्‌महिने समुद्रात ठाण मांडलेल्या जहाजांना पाणी आणि अन्नसामग्री वेंगुर्ल्याहून मिळे. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए १६४८ साली येथे आला होता. त्या वखारीचे भग्न अवशेष वेंगुर्ल्यात आजही उभे आहेत.

११/
लांब पल्ल्याच्या जहाजांवर आंबट फळांना मोल होते. ताज्या अन्नावाचून खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत, माणसे दगावत. हा रोग म्हणजे स्कर्व्ही. त्याचे कारण विसाव्या शतकात उलगडले, पण लिंबू-संत्र्याने आराम पडतो हे दर्यावर्दी माणसे कितीतरी आधी ओळखून होती. १६५२ साली डचांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला ठाणे वसवले, ते मुख्यतः जहाजांना ताजे अन्न पुरवण्यासाठीच; तेथील बागेत त्यांनी लिंबाच्या कुळातील झाडेही लावली.

१२/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नाव डचांच्या वाटेने आले म्हणून फळही डचांनीच आणले, असा निष्कर्ष निघत नाही. शब्द आणि झाड वेगवेगळ्या गलबतांतून प्रवास करू शकतात. आग्नेय आशिया आणि भारताचा किनारा यांच्यात युरोपीय येण्यापूर्वीही शतकानुशतके व्यापार चालत होता. इतिहास वाचताना शब्दाला साक्षीदार मानावे. त्याला न्यायाधीश करू नये.

१३/
या सावधगिरीचे उत्तम उदाहरण सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला मिळते. तेथे आणि गोव्यात याच फळाला तोरंज, तोरंजन यांसारखी नावे आहेत. पोर्तुगीजमधील शब्द तोरांजा. तो अरबी-फारसी तुरुंजवरून आला. गंमत अशी की तुरुंज म्हणजे मुळात पपनस नव्हे, तर महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातील मातुलुंग ते हेच. एका जुन्या फळाचे नाव अरबस्तान आणि पोर्तुगाल अशी प्रदक्षिणा करून परतले आणि दुसऱ्याच फळाला चिकटले. म्हणून एका जिल्ह्यात एका फळाला दोन नावे: एकाचे नाते डचांच्या शब्दाशी, दुसऱ्याचे पोर्तुगीजांच्या. समुद्रावर जे एकमेकांवर तोफा डागत होते, त्यांचे शब्द येथे शेजारी नांदतात.

१४/
फळ खाण्याच्या रीतीही अशाच प्रवासी आहेत. थायलंडमध्ये पपनसाच्या फोडी मीठ, साखर आणि सुक्या मिरचीच्या मिश्रणात बुडवून खातात. व्हिएतनाममध्ये मीठ-मिरची लावतात. बंगालमध्ये गर मोकळा करून मीठ, हिरवी मिरची आणि मोहरीचे तेल घालून कालवतात. मालवणच्या ताटातील मीठ-साखर-तिखट हे याच पंगतीतले. यासाठी कोणी कोणाचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही. आंबट-कडू फळापुढे मीठ आणि तिखट ठेवावे, हे अनेक किनाऱ्यांना स्वतंत्रपणे सुचू शकते. मात्र तिखट सर्वत्र एकाच वाटेने आले. मिरची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारामुळे ती आशियात पसरली.

१५/
थायलंडमध्ये आणखी एक प्रकार प्रसिद्ध आहे. पपनसाच्या गरात सुकी कोळंबी, भाजलेले खोबरे, शेंगदाणे आणि मिरची घालून कोशिंबीर करतात. सोडे आणि खोबरे मालवणी स्वयंपाकघरात सदैव हाताशी असतात. तरीही हा मेळ येथे रुळला नाही. कारण फळाच्या चवीत सापडत नाही, ते दिनदर्शिकेत सापडते. येथे पपनस घरात येते ते गणपतीबरोबर, आणि त्या दिवसांत बहुतेक घरांत मासळी शिजत नाही. म्हणून कोशिंबीर झालीच तर ती ओले खोबरे, हिरवी मिरची आणि साखरेची. थाळीतील पदार्थ जिभेइतकेच तिथीनेही ठरतात.

१६/
तिथीचा हा योग दूरवर आढळतो. चीनमध्ये आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला शरदोत्सव असतो. तेथेही पपनस पूजेत मांडतात आणि मग खातात. मुले सोललेल्या सालीची टोपी करून डोक्यावर घालतात. बंगालमधील मुलांनी पावसाळ्यात बाताबी लेबूचा फुटबॉल केला. देव वेगळे, कथा वेगळ्या. फळ तयार होण्याचे दिवस मात्र जवळपास एकच. सणाच्या मांडणीत जे येते, ते पुष्कळदा आधी झाडावर तयार असते म्हणून येते.

१७/
ज्या काळात समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला प्रायश्चित्त सांगितले जाई, त्याच काळात समुद्र ओलांडून आलेली फळे मुकाट्याने देवघरात पोहोचली. उपवासाला चालणारे बटाटा, साबुदाणा आणि शेंगदाणे अमेरिकेतले, पपनस पूर्वेचे. परसात उगवले, हंगामात आले, घरच्या माणसाने तोडून आणले, एवढ्या पात्रतेवर माटवीने त्यांना सामावून घेतले. आपले काय आणि परके काय, याची माटवीची कसोटी ग्रंथांपेक्षा कितीतरी सोपी होती.

१८/
आता वर्तमानाकडे. पपनसाच्या बीत साधारणतः एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या मीलनातून तयार होतो. त्यामुळे बीपासून वाढलेले प्रत्येक झाड म्हणजे नवी चव. कोठे गर गुलाबी, कोठे पांढरा; कोठे फळ नुसते खाण्याजोगे, कोठे साखरेवाचून घशाखाली न उतरणारे. हापूसची कलमे होऊन एकच चव हजारो बागांत पोहोचली. परसातील पपनस मात्र बहुधा बीचेच. अमक्याच्या परड्यातले गोड, तमक्याचे आंबट, ही गावातली माहिती हीच त्याच्या जातींची एकमेव यादी.

१९/
कोकणात १९९० नंतर फळबाग योजनेमुळे आंबा-काजूची लागवड वाढली. त्या हिशेबात पपनसाला स्थान नव्हते; त्याला मोठी बाजारपेठ नाही, वर्षातून एकदा माटवीपुरती मागणी. घर नव्याने बांधताना, अंगण फरसबंद करताना असे झाड सहज तुटते. बीचे झाड तुटले की त्याची चव पुन्हा जुळून येत नाही. त्यावर उपाय साधा आहे: झाड उभे असतानाच त्याच्या फांदीला गुटी बांधून घेणे. पावसाळा हाच त्याचा काळ, म्हणजे माटवीसाठी फळ उतरवण्याच्या आधीचे काही आठवडे.

२०/
किल्ले आणि वखारी यांच्या नोंदी होतात, पाट्या लागतात. परड्यातल्या झाडाला पाटी नसते. तरीही आग्नेय आशियातून आलेले फळ, डचांशी आणि पोर्तुगीजांशी नाते सांगणारी नावे, अमेरिकेतली मिरची आणि शिरोड्याचे मीठ एवढा सारा इतिहास विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी एका ताटात येतो, आणि घरातील लहानथोर त्याभोवती बसून तो वाटून खातात.

(समाप्त)