क्षयाच्या वेषांतील इतर जंतु

क्षयरोगाचा इतिहास सांगतांना २४ मार्च १८८२ या दिवसाचा उल्लेख नेहमीं होतो. त्या दिवशीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं या रोगाचा जंतु दाखवून दिला. परंतु त्या जंतूसारखे दिसणारे, पण त्याहून निराळे असे जंतु ओळखण्यास पुढें किती खटाटोप करावा लागला, ही कथा फारशी कोणी सांगत नाहीं. आज तीच थोडक्यांत निवेदन करावयाची आहे.

कॉख यांच्या शोधानंतर लवकरच एर्लिख, झील व नीलसन यांच्या प्रयत्नांनीं एक पद्धत सिद्ध झाली. बेडक्यास लाल रंग द्यावयाचा, तो आम्लानें धुवावयाचा आणि मग सूक्ष्मदर्शकांतून पाहावयाचें. बहुतेक जंतूंचा रंग धुऊन जातो, क्षयजंतूचा जात नाहीं. पद्धत सोपी व स्वस्त, म्हणून ती जगभर पसरली. तथापि आम्लास दाद न देणारा जंतु एकटा क्षयाचाच नव्हे. कुष्ठाचा जंतु तसाच. गवतावर, मातींत व पाण्यांत आढळणारे कित्येक जंतुहि तसेच. १८९६ मध्यें लेमान व नॉयमान यांनीं या कुळास 'मायकोबॅक्टेरियम' हें नांव दिलें. एकाच गणवेषांतील मुलें दुरून सारखीं दिसावीं, तसाच हा प्रकार होता.

क्षयाच्या रुग्णालयांत जंतु वाढवून पाहण्याची चाल पडल्यावर हा भेद स्पष्ट होऊं लागला. १९५३ मध्यें अमेरिकेंतील कॅन्सस शहरीं ब्यूलर व पोलाक यांनीं फुप्फुसाच्या रोग्यांत सांपडलेल्या एका पिवळ्या जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. रोगाचें रूप क्षयाचें, पण जंतु क्षयाचा नव्हे! १९५६ मध्यें जपानांतील कोन्नो यांनीं नायासिनची कसोटी सुचविली. हें द्रव्य क्षयजंतु विपुल निर्माण करतो, त्याचे बहुतेक भाऊबंद करीत नाहींत. १९५९ मध्यें रन्यन यांनीं या भाऊबंदांचे चार वर्ग पाडले. कांहीं उजेडांत ठेवल्यावर पिवळे होतात, कांहीं अंधारांतहि रंगीत असतात, कांहीं जवळ जवळ बिनरंगी राहतात. चौथ्या वर्गांतील जंतु सात दिवसांच्या आंत वाढतात. क्षयजंतूस मात्र कित्येक आठवडे लागतात.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. यांतील पुष्कळ जंतूंवर क्षयाचीं नेहमींचीं औषधें पुरेशीं लागू पडत नाहींत. जंतु न ओळखतां उपचार चालू राहिल्यास रोगी महिनोगणती औषधें घेतो, गुण येत नाहीं, आणि त्याचा क्षय औषधास जुमानीत नाहीं असा शिक्का बसतो. शिवाय क्षय माणसापासून माणसास जडतो. हे जंतु बहुधा पाण्यांतून वा मातींतून येतात. म्हणजे घरच्यांनीं ज्या भीतीनें रोग्यास दूर ठेवावें, ती भीतीहि बहुधा निराधार ठरते.

२०१० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारिलेल्या जनुकीय तपासणीनें क्षयजंतु सुमारें दोन तासांत ओळखतां येतो. सूक्ष्मदर्शकांत जंतु दिसले, पण या तपासणींत क्षय निघाला नाहीं, तर इतर जंतूंची शंका घ्यावी लागते. मात्र पाण्यांतील जंतु बेडक्यांत सहज मिसळूं शकतो. म्हणून २००७ मध्यें अमेरिकन तज्ज्ञांनीं नियम घालून दिला कीं, लक्षणें व क्ष-किरणांचें चित्र जुळावें, आणि बेडक्याच्या निदान दोन वेगवेगळ्या नमुन्यांत तो जंतु वाढावा.

तात्पर्य, दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकल्यास बेडका तपासून घ्यावा. औषधानें गुण येत नसेल, तर आपल्या मतानें तें बंद करूं नये. जंतु वाढवून त्याचें नांव निश्चित केलें आहे काय, हें डॉक्टरांस नम्रपणें विचारावें.