लोखंडी धाव आणि रबरी टायर

प्रवरेच्या काठावर, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीखाली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. रथ ४५ सेंटीमीटर लांब, त्यात सारथी उभा. अनेक अभ्यासक हा ठेवा उत्तर-हडप्पा काळातला, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. काहींना ते मान्य नाही. कालखंडाचा वाद तज्ज्ञांवर सोडून चाकांकडे पाहावे. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. हत्तीची चाके हरवली आहेत, पण त्याच्या चौथऱ्याला आस घालण्याची भोके शाबूत आहेत. चाके आहेत ती सगळी भरीव. ना आरे, ना धाव.

आजच्या अहिल्यानगर, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्याच्या भूमीत सापडलेले हे बहुधा सर्वांत जुने चाक. तेव्हापासून या मुलखात चाकापुढचा प्रश्न फारसा बदललेला नाही, कारण जमीन बदललेली नाही. उत्तरेला कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पट्ट्यात खोल काळी माती. उन्हाळ्यात ती हातभर भेगा पाडते आणि पावसाळ्यात पायाला धरून ठेवते. दक्षिणेला पारनेर, कर्जत, जामखेडकडे मुरूम आणि माळ. पश्चिमेला अकोल्यात सह्याद्रीचा कातळ, कळसूबाईसह. या तिन्हींवर चालेल आणि वर पक्क्या रस्त्यावरही पळेल, असे एकच चाक कुठून आणायचे? आज गाडीवाले टायरच्या दुकानात ‘ऑल टेरेन घेऊ की हायब्रिड’ म्हणून घोळ घालतात, तो याच प्रश्नाचा ताजा अवतार. त्याची जुनी उत्तरे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते: दोन्हीकडे चालणारे चाक फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत बऱ्याचदा चाकाचा मालक सोडून दुसरेच कुणीतरी भरते.

बराच काळ लोकांनी उत्तर दिले ते चाक टाळून. दख्खनमधला लांब पल्ल्याचा माल वंजारी-लमाणांच्या तांड्यांवर, बैलांच्या पाठीवरून जाई. अवजड माल मात्र पाठीवर लादता येत नाही. १५४९ मध्ये निजामशाहीत नगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ ५५ टनांची. ती आधी परांड्याला आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला ओढत नेली गेली. त्यासाठी शेकडो बैल आणि हत्ती जुंपले, असे परंपरा सांगते. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. त्याच्या पत्रांत लढाईइतकीच चिंता बैलांची दिसते, आणि म्हैसूरच्या चपळ बैलांचे त्याला फार कौतुक. तोफ किती मोठी यापेक्षा ती चिखलातून बाहेर निघते की नाही, यावर मोहीम ठरत असे.

खेड्यातली गाडीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बोजड होती. १८३० च्या दशकात इंदापूरच्या जमीन मोजणीच्या सुमारास गेसफर्ड या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने हलक्या गाडीचा नमुना केला आणि टेंभुर्णीला तशा गाड्या बनवायला सुरुवात झाली. त्याच काळात पुण्याकडून पक्के रस्ते पुढे सरकत होते. गाडी हलकी झाली ती रस्ता आला म्हणून, आणि रस्ता लवकर झिजला तो गाडी आली म्हणून.

या गाडीचे आरे असलेले लाकडी चाक ही सुतार आणि लोहार यांची भागीदारी होती. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेर गोलाकार जोडलेले पाटे, सगळे बहुतेक बाभळीचे. ते जुळले की लोहाराचे काम सुरू. लोखंडी पट्टीचे कडे, म्हणजे धाव, चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम जरा आखूड ठेवायची. जमिनीवर गोवऱ्यांचा वर्तुळाकार जाळ करून ती त्यात लाल करायची. तापली की ती फुगते. मग चार-पाच जणांनी सांडशींनी उचलून चाकावर चढवायची, लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतायचे. धाव थंड होऊन आवळली की सगळे सांधे कचकचून बसतात; खिळ्याची गरज नाममात्र. घेराचे माप चुकले तर चाक एक तर सैल राहते किंवा वाकडे होते. हे माप लोहाराच्या दोरीत आणि डोळ्यात असे.

हे चाक चिखलात चांगले चालते. उंच आणि अरुंद असल्यामुळे ते वरचा मऊ थर कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचते. उंचीमुळे खड्डा लहान वाटतो. पण हाच गुण पक्क्या रस्त्यावर अवगुण ठरतो. सगळे वजन दोन-अडीच इंच रुंदीच्या लोखंडावर येते आणि खडीचा रस्ता करवतल्यासारखा कापला जातो. गाडीवाल्याला त्याची झळ नसते, रस्ता सरकारचा. मोटारी आल्यावर हा वाद चिघळला. रस्त्यांचे काय करायचे हे ठरवायला १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पुढे मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड काँग्रेस स्थापन झाली. रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांच्या चर्चेत लोखंडी धाव वारंवार आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. एका अर्थी बरोबरच; पण देशाचा बहुतेक शेतमाल तीच वाहत होती, हे त्या पिंजऱ्यातून दिसत नव्हते.

तोडगा रबराचा निघाला. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते सायकलसाठी. त्याच्या नावाच्या कंपनीने १९३० च्या दशकात बंगालमधल्या साहागंजला कारखाना काढला, आणि बैलगाडीसाठी हवेचे टायर विकणे हा तिच्या धंद्याचा एक भाग झाला. महाराष्ट्रात कित्येक गावांत रबरी चाकाच्या गाडीला आजही ‘डनलॉप’ म्हणतात, टायर कुठल्याही कंपनीचा असो.

नगर जिल्ह्यात या गाडीला बरोबर वेळेवर काम मिळाले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांतून फिरले आणि काळ्या मातीत ऊस उभा राहिला. आधी हरेगावसारखे खासगी कारखाने होतेच. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. ऊस तुटला की त्याची साखर कमी व्हायला लागते, म्हणून तो लवकर कारखान्याच्या गव्हाणीत पडायला हवा. फडातल्या ढेकळांतून, पाणंदीतल्या चिखलातून, मग डांबरी रस्त्याने कारखान्याच्या काट्यापर्यंत: एकाच खेपेत तीन प्रकारची जमीन. टायरगाडी यासाठीच जन्मल्यासारखी. रबर रुंद, म्हणून ओल्या फडात कमी रुते. बेअरिंग असल्याने रस्त्यावर हलकी पळे. आणि डांबराला ओरखडा नाही.

मग किंमत कुणी भरली? बैलाने. ओढायला हलकी म्हणजे जास्त लादता येते, हा हिशेब सगळ्यांनाच सुचला. कायद्यानेही तो मान्य केला. ओढकाम करणाऱ्या जनावरांबाबतच्या १९६५ च्या नियमांत दुचाकी गाडीत एका मोठ्या बैलामागे साध्या चाकाला ९०० किलो, हवेच्या टायरला १३५० आणि बॉल बेअरिंगला १८०० किलो अशी मर्यादा आहे. चढावर ओझे निम्मे करावे, असेही त्यात लिहिले आहे. ऊसतोडीच्या हंगामात हा कागद कोण वाचतो? पाथर्डी, शेवगाव, बीडकडून येणारी जोडपी टनावर मजुरी घेतात, गाडी अनेकदा कारखान्याची भाड्याने, उचल मुकादमाची. टनावर पैसा असेल तर मोळ्या चढत जाणारच. रस्ता वाचला, बैलाचे खांदे सोलले.

ट्रॅक्टरची गोष्ट याच्या उलट. त्याच्या मागच्या टायरवरचे तिरके, उंच कंगोरे शेतात माती चावतात आणि चाक फिरले की ती बाहेर फेकतात. १९३२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्सने हवेच्या टायरचा ट्रॅक्टर बाजारात आणला, तोवर ट्रॅक्टरला लोखंडी दातांची चाके असत आणि रस्त्यावर ती आणायची सोय नव्हती. आता ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर नांगराइतकाच ट्रॉलीला जुंपलेला. डांबरावर मैलोन्मैल पळून कंगोरे गुळगुळीत होतात आणि जूनमध्ये शेतात गेल्यावर मालकाला कळते की दात पडले आहेत. इथे दंड मालकालाच.

नगर शहरात हाच प्रश्न लष्कर फार वेगळ्या पैशांनी सोडवत आले आहे. १९२० च्या दशकापासून इथे रणगाड्यांचे प्रशिक्षण चालते. स्वातंत्र्यानंतर आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच उभे राहिले. १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी आहे आणि १९६५ च्या युद्धातले पाकिस्तानी पॅटन रणगाडाही. एकीकडे रस्त्यासाठी जन्मलेल्या आलिशान मोटारीला चढवलेले पोलाद, दुसरीकडे चाकांऐवजी साखळीपट्टा. पट्टा कुठेही जातो, पण डांबर फोडतो आणि स्वतःही झिजतो. म्हणून लांबच्या प्रवासाला रणगाडा बहुधा ट्रेलरवर किंवा रेल्वेने जातो.

फाळणीच्या वेळी पाकिस्तानातल्या चकलालाहून नगरला आलेल्या वाहन संस्थेचे पुढे व्हीआरडीई, म्हणजे लष्करी वाहनांची संशोधन संस्था झाली. लष्करी गाड्यांची परीक्षा तिथल्या चाचणी मार्गांवर होते. याच संस्थेने टाटा मोटर्सबरोबर आठ चाकांची चिलखती गाडी तयार केली. ती २०१४ च्या डिफेन्स एक्स्पोमध्ये दिसली, आणि आता मोरोक्कोतही तिचे उत्पादन होते. चाकांवर चालणारे, पाण्यात तरणारे, रस्त्यावर स्वतःच्या पायांनी जाणारे हे वाहन. अशा गाड्यांची मुख्य युक्ती टायरच्या नक्षीत कमी आणि हवेत जास्त असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘डक’ या उभयचर ट्रकमध्ये चालकाला बसल्या जागी टायरची हवा कमी-जास्त करता येई: वाळूवर कमी, रस्त्यावर पूर्ण. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवरचा दाब घटतो आणि गाडी रुतत नाही. एकाच टायरची दोन चाके होतात.

जीपवाल्यांना ही चैन नव्हती. युद्धानंतर भारतात आलेल्या विलीज जीपच्या टायरवर जाड आडव्या पट्ट्या असत, पुढे-मागे सारख्याच पकडीच्या. चिखलात ठीक, डांबरावर गुंगुं आवाज आणि ओल्या रस्त्यात ब्रेकला उशीर. सहकाराच्या राजकारणात साखर कारखान्याच्या संचालकाची ओळख कित्येक वर्षे या आवाजावरून पटत असे. १९७६ मध्ये बीएफ गुडरिचने रेडियल बांधणीचा ऑल टेरेन टायर आणला आणि मधला रस्ता सापडला: ठोकळे मोठे पण एकमेकांत गुंतलेले, मध्ये माती सांडायला फट, ठोकळ्यांवर बारीक चिरा म्हणजे ओल्या डांबरावर पकड. चार वर्षांनी त्याच कंपनीने खास चिखलाचा टायर काढला. आज हायब्रिड किंवा ‘रग्ड’ म्हणून विकला जातो तो या दोघांच्या मधला. बाहेरच्या कडेला चिखलाच्या टायरसारखे मोठे दात आणि जाड बाजू, मधल्या पट्ट्यात ऑल टेरेनसारखी बंद नक्षी. दुकानदार मात्र हायवे टायर आणि ऑल टेरेनच्या मधल्यालाही बिनदिक्कत हायब्रिड म्हणतात, तेव्हा नावापेक्षा फटी मोजाव्यात.

नगरच्या गाडीवाल्याने काय घ्यावे? बहुतेकांच्या गाडीचे नव्वद टक्के आयुष्य नगर-मनमाड किंवा पुणे रस्त्यावर जाते, आणि त्यातले खड्डे हा ऑफ-रोड प्रकार असला तरी चिखल नव्हे. त्यांना ऑल टेरेनही चैनच. डिझेल जास्त, आवाज जास्त, ओल्या रस्त्यात थांबायला अंतर जास्त, आणि ते अंतर पुढच्या मोटारसायकलवाल्याच्या वाट्याचे. पावसाळ्यात अकोल्यातल्या घाटघर-साम्रदच्या बाजूला वारंवार जाणाऱ्याला ऑल टेरेन पुरतो, कारण तिथे खाली कातळ आणि मुरूम आहे. हायब्रिडचे दात कामाला येतात ते नेवाशा-राहुरीच्या काळ्या रानात, तेही थोडाच वेळ. भिजलेली काळी माती कुठल्याही नक्षीच्या फटी दहा-वीस फेऱ्यांत भरून टाकते आणि महागडा टायर गुळगुळीत गोळा होतो. तिथे हवा अठरा-वीस पौंडांवर आणून सावकाश निघणे जास्त उपयोगाचे, फक्त डांबरावर आल्यावर पहिल्याच पंपावर ती पुन्हा भरून घ्यावी लागते. कमी हवेच्या टायरवर वेगात पळाले की त्याची बाजू तापून फाटते.