बालिग होणे आणि समजदार होणे : किशोरवय समजून घेताना

मूल बालिग झाले की "आता मोठे झाले" असे आपण सहज म्हणून टाकतो. पण शरीर वाढणे आणि समज येणे एकाच दिवशी होत नाही. सूरह निसाच्या सहाव्या आयतीतही अनाथ मुले वयात आल्यावर त्यांच्यात 'रुश्द' म्हणजे समजूतदारपणा दिसला, तरच मालमत्ता त्यांच्या हवाली करायला सांगितले आहे.

मनात काय चालते?
जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षांच्या वयाला किशोरवय मानते. या काळात मेंदूचा भावनांशी संबंधित भाग जोरात असतो. परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. म्हणून राग पटकन येतो आणि दोस्तांसमोर धोका पत्करावासा वाटतो.

'मी कोण?'
मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते या वयाचा मुख्य सवाल हाच. मुले केसांची स्टाईल बदलतात, अब्बूंशी हुज्जत घालतात, घरी उर्दू आणि बाहेर मराठी बोलत दोन्हीकडे आपली जागा शोधतात. ही बदतमीजी नव्हे, वाढ आहे.

परभणीचा सवाल
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के महिलांचे लग्न 18 वर्षांआधी झाले होते. आपल्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के होते. हा एका समाजाचा नाही, सगळ्यांचा प्रश्न आहे. पुढची शाळा लांब, गरिबी, "जमाना खराब आहे" ही भीती, अशी कारणे असतात. पण 'मी कोण' हे कळायच्या आत मुलगी सून होते, आई होते. शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलाचाही शोध अर्धवट राहतो. 2006 च्या कायद्याने लग्नाचे किमान वय मुलीसाठी 18, मुलासाठी 21 आहे.

पालकांनी काय करावे?
- आधी ऐका, मग बोला. चारचौघांत रागावू नका.
- पाळी आणि शरीरातील बदल यांची माहिती अम्मी-अब्बूंनीच द्यावी.
- घरच्या छोट्या निर्णयांत त्यांचे मत घ्या.
- दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडली, मूल एकटे राहू लागले तर डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा केली तर एक दिवसही थांबू नका.

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतात. मानसिक त्रासासाठी 14416 आणि बालविवाह रोखण्यासाठी 1098 हे मोफत क्रमांक आहेत. घरात दिसेल असे लिहून ठेवा.