गणवेशातले मूल

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असा मंडळाचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून विषय रोजच्या हाताखालचाच घेतला आहे. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीची ओळख टॉवेल आणि चादरींची. पण सोलापुरात शाळेच्या गणवेशांचाही मोठा धंदा उभा राहिला असून, २०१७ साली गणवेश उत्पादकांचे प्रदर्शन येथे भरले होते. गणवेश शिवणारे हात आपल्या गावात पुष्कळ आहेत. मात्र तो घालणाऱ्या मुलाच्या मनात काय असते, हा विचार आपण क्वचितच करतो.

गणवेशाची चाल जुनी आहे. लंडनमध्ये १५५२ साली अनाथ व गरीब मुलांसाठी ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ नावाची शाळा निघाली. लांब निळा अंगरखा आणि पिवळे मोजे हा तिथला वेष. आरंभी तो धर्मादायाची खूण होता; पुढे तोच अभिमानाचा झाला. २०१० साली शाळेने मुलांनाच विचारले, तेव्हा बहुतेकांनी जुना वेष राखावा असे मत दिले. लादलेला वेष आणि विचारून ठेवलेला वेष यांत हाच फरक आहे.

आपल्याकडे आजीच्या पिढीतील मुली परकर-पोलक्यात शाळेला जात. मग निळा स्कर्ट व पांढरा ब्लाऊज आला; मुलांना पांढरा सदरा आणि खाकी चड्डी आली. त्यामुळे श्रीमंत-गरीब एका रांगेत बसले, हा उपकार लहान नव्हे. पण एका रांगेतही मुले आपली खूण शोधतच राहिली. कुणी वेणीची रिबीन निराळी बांधी, कुणी दप्तरावर नाव रेखी, कुणी बाह्या दुमडी. मोठी माणसे याला उनाडपणा म्हणत. मला वाटते, ‘मी कोण’ हे सांगण्याची ती धडपड होती.

कधी अशी खूण गंभीरही असते. डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेत तेरा वर्षांच्या मेरी बेथ टिंकरने व्हिएतनाम युद्धातील मृतांच्या शोकार्थ दंडाला काळी फीत बांधली. शाळेने तिला घरी पाठविले. १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. फीत बोटभर, पण ती मुलीचे मन बोलत होती.

आपल्या राज्याचा अनुभवही बोलका आहे. २०२४-२५ साली सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीसाठी एकसारखा गणवेश ठरला आणि शिलाईचे काम महिला बचत गटांकडे आले. भगिनींना काम मिळाले, हे चांगलेच झाले. पण अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले, मापेही जुळली नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले. रंग मुंबईत ठरविता येतो. माप मात्र मुलाजवळ जाऊनच घ्यावे लागते. मनाचेही तसेच आहे.

गेल्या जूनमध्ये माझी नववीतली मुलगी म्हणाली, “आई, माझ्या ड्रेसला खिसा का नाही? दादाच्या पँटला तर तीन आहेत.” मी म्हटले, “शाळेचा नमुनाच तसा आहे.” ती गप्प बसली, पण ती गप्पी मला टोचली. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून आले. खिशाला कुणाचीच हरकत नव्हती. आजवर विचारलेच कुणी नव्हते! मग उजवीकडची शिवण उसवून आत खिसा लावला. त्याच्या आतल्या बाजूला तिने स्वतः जांभळ्या दोऱ्याने आपले नाव भरले. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण ती शाळेला जाताना ताठ चालते.

नियम मोडायला शिकवा, असे मी म्हणत नाही. नियमात मोकळी जागा कुठे आहे ती मुलांबरोबर शोधा, आणि नसेल तर शाळेकडे नीट मागायला त्यांना शिकवा. पालकसभेत फी आणि गुणांबरोबर गणवेशाचेही बोला. मुलीला स्कर्ट नको, सलवार किंवा पँट हवी असेल, तर तिचे कारण आधी ऐका. आपण वाढत्या अंगासाठी दुमड ठेवून शिवतो. वाढत्या मनासाठीही तेवढी दुमड ठेवूया.