‘शतपत्रे’ : साप्ताहिकातून संग्रहात

वृत्तपत्रातील लेखनास ग्रंथरूप प्राप्त झाले म्हणजे त्याचे आयुष्य वाढते. परंतु ज्या आठवड्यासाठी ते लिहिले गेले, तो आठवडा मात्र त्यातून लोपतो. गोपाळ हरी देशमुख ऊर्फ ‘लोकहितवादी’ (१८२३–१८९२) यांच्या ‘शतपत्रां’विषयी हे विशेषत्वाने खरे आहे. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून ही १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. पुढे १८६६ च्या निबंधसंग्रहात ती एकत्र आली आणि नंतरच्या पिढ्यांना ती परिचित झाली ती संग्रहरूपानेच.

मूळ लेखन आणि संग्रह यांच्यातील अंतर केवळ वर्षांचे नव्हते. पत्रे सुरू झाली त्याच वर्षी सातारचे राज्य खालसा झाले. पत्रांतील ‘सरकार’ म्हणजे कंपनी सरकार. १८६६ चा वाचक १८५७ चा उठाव पाहून चुकला होता, कंपनीचा कारभार १८५८ मध्ये संपला होता, आणि मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन नऊ वर्षे लोटली होती. शब्द तेच राहिले. ते ज्यांना उद्देशून होते ती परिस्थिती उरली नव्हती.

या अंतराचा परिणाम विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या टीकेत स्पष्ट दिसतो. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त त्यांनी लोकहितवादींवर कठोर प्रहार केले. स्वजनांची, विशेषतः ब्राह्मणवर्गाची, एवढी निर्भर्त्सना त्यांना आत्मनिंदा वाटली. चिपळूणकरांचा जन्म १८५० चा, म्हणजे पत्रे संपली त्या वर्षीचा. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या त्यांच्या पिढीस राज्यकर्त्यांचा तुच्छताभाव बोचत होता व स्वाभिमानाची गरज तीव्र होती. उलट लोकहितवादींचे वडील बापू गोखल्यांच्या पदरी फडणीस होते. पेशवाईच्या पतनाची झळ त्या घराने प्रत्यक्ष सोसली होती. त्यामुळे उत्तर पेशवाईवरील त्यांची टीका परक्याची नव्हे. ज्यांच्या हातून राज्य गेले, त्यांच्यातीलच एकाने मांडलेला तो हिशेब होता.

विसाव्या शतकातील वाचनात दोष उलट्या बाजूने शिरला. पत्रांत पार्लमेंटची मागणी आहे, देशी माल वापरण्याचा आग्रह आहे, लोक शहाणे झाल्यास अमेरिकेप्रमाणे ते स्वतंत्र होतील असा तर्कही आहे. एवढेच वेचून घेतले तर लोकहितवादी पुढील राष्ट्रीय चळवळीचे द्रष्टे ठरतात. पण इंग्रजी अंमल ही ईश्वरी योजना होय, असेही तीच लेखणी सांगते. संग्रहात ही विधाने शेजारी येताच विसंगती भासते. वस्तुतः त्यांत एक सूत्र आहे : इंग्रजी राज्य ही शाळा, विद्या संपादन झाल्यावर शाळेचे प्रयोजन उरत नाही. या सूत्रातील अट, म्हणजे ‘लोक शहाणे झाल्यास’ हे पद, गाळले की स्तुती तेवढी उरते किंवा भविष्यकथन तेवढे उरते.

अर्थात्, कालसंदर्भ पुनः जोडला म्हणजे सर्व शंका फिटतात असे नाही. लेखक सरकारी सेवेत होता व टोपणनावाने लिहीत होता. इंग्रजांची स्तुती कितपत मनापासूनची व कितपत सावधगिरीची, हे केवळ पत्रांवरून ठरविता येणार नाही. तसेच व्यापारात देश नागवला जात आहे, ही जाणीव आणि राज्यकर्त्यांविषयीचा आदर यांचा मेळ लेखकाने सर्वत्र घातलेला नाही.

म्हणून संग्रहातील प्रत्येक पत्र ‘प्रभाकरा’तील त्याच्या जागी, तारखेसह आणि आगेमागच्या मजकुरासह वाचणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते. याचा अर्थ चिपळूणकरांचे वाचन टाकाऊ, असा नव्हे. १८४८ च्या महाराष्ट्राविषयी ते अपुरी साक्ष देते. परंतु त्यानंतरच्या तीस वर्षांत महाराष्ट्राचे मन किती पालटले, याची साक्ष त्याइतकी ठळकपणे क्वचितच मिळते.