आचाऱ्याचा ‘र’ आणि एका संपादकाची दुरुस्ती

‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत मराठी माणूस कधी घोटाळा करीत नाही. पहिल्या निरोपावर व्यासपीठासाठी पाहुणा येतो, दुसऱ्यावर मांडवामागच्या चुलीपाशी माणूस येतो. लिहिताना फरक एवढाच, की एकात र रफार होऊन डोक्यावर बसतो आणि दुसऱ्यात तो आडव्या, पापणीसारख्या रेघेने य ला चिकटतो. हिंदीला हा दुसरा र लागत नाही. मराठीला लागतो, नेपाळीला आणि नेवारीला लागतो. संगणकात देवनागरी आली तेव्हा तिची पहिली आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हिंदी होती, आणि या र ला जागा शोधावी लागली.

जागा सापडली ती गमतीची. १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात ऱ असे एक टिंबवाले अक्षर होते. ते मुळात द्राविडी भाषांतला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. मराठीला त्याचा एरवी उपयोग नव्हता, म्हणून ठरले, की या ऱ चा पाय मोडला की त्याचे रूप पापणीच्या र चे दिसेल. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावरून उचलली होती. पण १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने वेगळी वाट दिली होती. साधा र, त्याला हलन्त आणि मागे एक न दिसणारे ‘जोडचिन्ह’. पुढे इस्कीशी जुळवून घेताना ऱ चीही वाट मान्य झाली, आणि जुनी वाट ‘सुसंगतीसाठी’ तशीच राहिली. कोणतेही मानक एकदा दिलेली वाट सहसा बुजवत नाही.

परिणाम असा, की ‘शेतकऱ्याचा’ आणि ‘शेतकर्‍याचा’ हे दोन शब्द कागदावर एकच दिसतात आणि यंत्राच्या लेखी वेगळे आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर टंकणारा बहुधा ऱ ची कळ दाबतो, कारण ती शिफ्टसह र च्याच कळीवर आहे. उच्चारानुसारी पद्धतीने टंकणाऱ्याच्या मजकुरात अनेकदा जोडचिन्ह येते. त्यातच ऱ हे अक्षर युनिकोडच्या दृष्टीने ‘र आणि खाली नुक्ता’ असेही लिहिता येते. म्हणजे एका पापणीच्या मागे तीन डोळे.

हे मला पुस्तकातून कळले नाही. जुन्या मराठी कागदांची लिप्यंतरे मी दोन टंकलेखकांकडून करून घेतली होती. एका गावातल्या पुजाऱ्याच्या इनामाचा उल्लेख शोधत होतो. शोध ‘नाही’ म्हणाला. त्या नोंदी पाटावर वाढून ठेवाव्यात तशा दुसऱ्या टंकलेखकाच्या पानांत होत्या. त्या दिवशी मी ‘मिळाले नाही’ असे टिपणात लिहून ठेवले होते; ते वाक्य खोडताना जी लाज वाटली ती अजून आठवते. नकारार्थी पुरावा हा इतिहासलेखनात सर्वांत नाजूक पुरावा, आणि तो एका न दिसणाऱ्या चिन्हावर उभा होता.

तेव्हा एका जुन्या मोफत टेक्स्ट एडिटरचा, म्हणजे मजकूर-संपादकाचा, आधार घेतला. त्याचे नाव इमॅक्स. मूळ इमॅक्स १९७६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत जन्मला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५मध्ये त्याची ‘ग्नू’ आवृत्ती खुली केली. त्यात कर्सर अक्षरावर ठेवून एक आज्ञा दिली, की त्या अक्षराची जन्मपत्रिका समोर येते. कोणता क्रमांक, कोणत्या लिपीतला, पुढच्या कोणकोणत्या चिन्हांशी जोडून एक आकार झाला आहे, सगळे. पुजाऱ्याच्या मागचे जोडचिन्ह मला तिथे पहिल्यांदा दिसले. मग साऱ्या पानांत एकदाच शोधून बदलले: र, हलन्त आणि जोडचिन्ह जिथे असेल तिथे ऱ आणि हलन्त. पुजारी सापडले.

या संपादकात देवनागरी आली कशी, हा प्रवास आपल्याकडे फारसा सांगितला गेलेला नाही. काम जपानमध्ये झाले. त्सुकुबा येथील विद्युत-तंत्र प्रयोगशाळेत हान्दा केनिची आणि सहकाऱ्यांनी ‘म्यूल’ नावाने इमॅक्सला बहुभाषिक केले. जपानी माणसाला हजारो अक्षरांची सवय. इंग्रजीपुरत्या यंत्राची अडचण त्याला आपल्याआधी टोचली. त्यात देवनागरी जोडाक्षरे जुळवणारी फाइल १९९६मध्ये कावाबाता ताइची यांनी लिहिली. १९९७च्या विसाव्या आवृत्तीत म्यूल इमॅक्समध्ये मिसळले. पुढे २००९च्या तेविसाव्या आवृत्तीत संपादकाचा आतला साठाच युनिकोडवर बसवला गेला आणि २०२०च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून अक्षरे जुळवण्याचे काम ‘हार्फबझ’ या खुल्या यंत्रणेकडे गेले. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसही तीच यंत्रणा वापरतात. एका ठिकाणची दुरुस्ती अशी अनेकांच्या कामी येते.

कोणालाही दोष कळवता येतो, त्या दोषाला क्रमांक मिळतो, आणि दुरुस्तीही कोणी पाठवू शकतो. मात्र दुरुस्ती मोठी असेल तर हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून देणाऱ्या कागदावर सही लागते. मोकळ्या दाराच्या घरातही दस्तऐवज लागतोच!

२०२३च्या एकोणतिसाव्या आवृत्तीत दोन गोष्टी आल्या. पहिली छोटी. ‘क्ष्म्य’सारख्या जुळलेल्या आकाराच्या मधोमध कर्सर शिरू देण्याची सोय. एरवी कर्सर अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारतो आणि मधला हलन्त दुरुस्त करायचा तर मागचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागे. जुन्या कागदाचे लिप्यंतर तपासणाऱ्याला हे वरदान आहे.

दुसरी म्हणजे मोडी. तोवर वापरातून गेलेल्या अनेक लिपी एका स्वयंसेवकाच्या चिकाटीने एकदम आत आल्या: ब्राह्मी, शारदा, कैथी, आणि त्यांतच मोडी. युनिकोडमध्ये मोडीला २०१४च्या सातव्या आवृत्तीत जागा मिळाली होती, अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून. एकोणऐंशी चिन्हे, संक्षेपाच्या खुणेसह. पण जागा मिळणे म्हणजे टंकता येणे नव्हे. मोडीची चिन्हे युनिकोडच्या पहिल्या पासष्ट हजारांच्या पलीकडे आहेत, आणि जुने कित्येक प्रोग्राम तिथवर मोजतच नाहीत.

याच वर्षी मराठवाड्यात मोडीला अचानक भाव आला. ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. नांदेड आणि लातूरकडच्या कागदांची गंमत अशी, की हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली, पण गावच्या पातळीवर कुलकर्ण्याचा हात मोडीतच चालला. शिवाय उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात; लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२चा. म्हणजे आज लातूरचा माणूस कागद शोधतो तेव्हा तो कोणत्या दप्तरात पाहायचा इथूनच प्रश्न. वाचक थोडे, अर्जदार अनेक, आणि एका शब्दावर एका घराचा दाखला.

अशा वेळी मूळ मोडी एका खिडकीत आणि देवनागरी दुसऱ्या खिडकीत, ओळीला ओळ, असे ठेवता येणे ही चैन नव्हे. देवनागरीत उतरवताना वाचक निर्णय घेत असतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद बहुधा पाळला जात नाही. वाचक तो आपल्या मनाने पाळतो. मूळ जसेच्या तसे टंकलेले असेल तर दुसरा जाणकार निर्णय तपासू शकतो. आज नुसते लिप्यंतर हाती येते आणि मूळ पान कपाटात राहते. मला हे धोक्याचे वाटते.

संपादकाची एक अडचण मात्र अजून आहे. मोडीत आधी सगळी शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहितात; शब्दांत जागा सोडत नाहीत. शब्दागणिक पुढे सरकण्याची आज्ञा दिली, की इमॅक्सचा कर्सर ओळीच्या टोकाला जाऊन थांबतो. त्याच्या लेखी ती ओळ हा एकच शब्द आहे. शब्द कुठे तुटतो ते अजून आपल्यालाच, कागद उजेडाकडे धरून, ठरवावे लागते.